कुटुंब समुपदेशक व्हायचंय? नागपूर-विदर्भातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुटुंब समुपदेशनाच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाबद्दल विद्यार्थी, त्यांचे पालक, नोकरी सोडून या क्षेत्रात येऊ पाहणारे, काही वकील आणि शिक्षक सतत जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात आहे, अडचणीचे पुढे आहेत. एखादा मुद्दा आधी येऊन गेला असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रवेशाच्या तारखा आणि शुल्क दरवर्षी बदलतात, ते त्या-त्या महाविद्यालयाच्या सूचनेतच पाहावं.

१. कुटुंब समुपदेशक व्हायला नेमकी कोणती डिग्री लागते?

'कुटुंब समुपदेशक' अशा एकाच नावाची, सगळीकडे चालणारी पदवी आपल्याकडे नाही. या कामात आलेली बहुतेक माणसं दोन वाटांनी आलेली असतात: समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमएसडब्ल्यू, किंवा मानसशास्त्रातलं एम.ए. गृहविज्ञान शाखेत मानव विकास हा विषय घेऊनही काही जणी येतात. पदवी ही पहिली पायरी. त्यानंतर अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष कुटुंबांसोबत काम केल्याशिवाय कुणी समुपदेशक होत नाही (प्रश्न ६).

२. माझं बी.कॉम. झालंय. आता ही लाइन घेता येईल का?

येईल. एमएसडब्ल्यूला कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. म्हणून बँकेत, शाळेत किंवा कंपनीत काही वर्षं काढलेली माणसंही त्या वर्गात दिसतात. मानसशास्त्राच्या एम.ए.ला मात्र पदवीला तो विषय हवा की नको, याची अट विद्यापीठागणिक वेगळी असते. अर्ज भरण्याआधी माहितीपत्रकातलं पात्रतेचं कलम स्वतः वाचा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

३. एमएसडब्ल्यू करू की एम.ए. सायकॉलॉजी?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. उत्तर तुमचा ओढा कुठे आहे त्यावर आहे.

मानसशास्त्र माणसाच्या आत बघायला शिकवतं: विकासाचे टप्पे, व्यक्तिमत्त्व, मानसिक आजारांची लक्षणं, चाचण्या, संशोधन. चिंता, नैराश्य, संशयाचा आजार हे नवरा-बायकोच्या भांडणाच्या वेषातही समोर येतं. ते ओळखून योग्य ठिकाणी पाठवायची नजर या शिक्षणातून तयार होते.

समाजकार्य माणूस ज्या घरात, मोहल्ल्यात, जातीत आणि उत्पन्नात जगतो तिथून सुरुवात करतं. कायदा, सरकारी योजना, पोलीस ठाणं, दवाखाना, निवारागृह यांच्याशी कसं बोलायचं हे तिथे शिकायला मिळतं. घरातलं भांडण दारूचं, कर्जाचं, की एका खोलीत सात जण राहण्याचं, हे तपासल्याशिवाय समाजकार्याचा विद्यार्थी पुढे जात नाही.

माझं मत विचाराल तर कुटुंबासोबतच काम करायचं हे पक्कं असेल, आणि कौटुंबिक न्यायालय, महिला कक्ष, सामाजिक संस्था हे डोळ्यासमोर असेल, तर एमएसडब्ल्यू घ्या. रुग्णालय किंवा चाचण्यांकडे कल असेल तर मानसशास्त्र. कोणतीही वाट घेतली तरी दुसऱ्या बाजूचं वाचन स्वतः करावं लागतं. आजार ओळखता न येणारा समाजकार्यकर्ता कुटुंबाचं नुकसान करू शकतो, आणि घराची परिस्थिती न बघणारा मानसशास्त्रज्ञही.

४. हे सगळं नागपुरात राहून शिकता येतं का, की मुंबई-पुण्याला जावंच लागतं?

शिकता येतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात मानसशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण आहे. समाजकार्यासाठी मातृसेवा संघाचं समाजकार्य महाविद्यालय आणि तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय ही नावं विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. मातृसेवा संघ हीच मुळात कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये बाळंतिणींच्या सेवेसाठी उभी केलेली संस्था. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात हिंदी माध्यमातून शिकता येतं. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था मोठी आहे यात वाद नाही, पण तिथे प्रवेश मिळाला नाही म्हणून वर्ष वाया घालवू नका.

उलट नागपुरात शिकण्याचा एक फायदा आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक इथे आहे (बाकीची ठाणे, पुणे आणि रत्नागिरीला). मेडिकल आणि मेयो ही दोन मोठी सरकारी रुग्णालयं आहेत, कौटुंबिक न्यायालय आहे, पोलिसांचा भरोसा सेल, म्हणजे अडचणीतल्या बायका-मुलांच्या मदतीचा कक्ष, आहे. आणि येणारी कुटुंबं मराठी, वऱ्हाडी, हिंदी, छत्तीसगडी, गोंडी अशा अनेक भाषांत भांडतात. इतकं वैविध्य एका शहरात मिळणं ही शिकणाऱ्यासाठी मोठी गोष्ट आहे.

५. फील्डवर्क म्हणजे नक्की काय करायचं असतं? नुसतं बसून बघायचं?

सुरुवातीला बघायचंच असतं. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत वर्गासोबत आठवड्यातून साधारण दोन दिवस एखाद्या संस्थेत जावं लागतं, आणि शेवटी सलग काही आठवडे पूर्णवेळ. त्याचे अहवाल लिहायचे, ते पर्यवेक्षकाला दाखवायचे, त्यावर एकट्याने आणि गटात चर्चा व्हायची, अशी ही पद्धत आहे.

त्यातला खरा शिकवणारा भाग म्हणजे संवादाची शब्दशः नोंद. मुलाखत झाली की त्याच दिवशी आठवेल तितकं लिहून काढायचं: समोरचा काय बोलला, मी काय बोलले, आणि बाजूच्या रकान्यात त्या क्षणी मला काय वाटलं. समजा, विद्यार्थिनीने लिहिलंय: "मी विचारलं, ताई, तुम्ही थोडं सांभाळून का नाही घेत?" पर्यवेक्षिका समासात लिहिते: "हा प्रश्न तुमचा की तिच्या सासूचा?" एवढ्या एका ओळीवर तासभर चर्चा होऊ शकते. विद्यार्थिनीच्या लक्षात येतं की आपण नकळत घरातल्या एका पक्षाची भाषा बोललो. पुस्तकात 'तटस्थता' हा शब्द शंभर वेळा वाचून जे कळत नाही, ते या समासात कळतं. म्हणून नोंदी कॉपी करू नका, सुंदर करून लिहू नका. चुकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहाल तरच त्यावर कुणी काही शिकवू शकेल.

गृहभेटीही असतात. नागपूरच्या मे महिन्यात त्या सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर ठेवा. आणि घरात कोण कुठे बसतं, पाणी कोण आणतं, प्रश्न सुनेला विचारला तर उत्तर कोण देतं, हे कागद न काढता बघून या.

६. सुपरव्हिजन कशाला? डिग्री झाली की स्वतंत्र काम करता येत नाही का?

कायद्याने अडवणारं आज फारसं काही नाही (प्रश्न १० पाहा), म्हणूनच हे स्वतःहून पाळायचं आहे. कुटुंबासोबत काम करताना आपलं स्वतःचं घर आत येतं. ज्याच्या वडिलांनी दारू प्यायली, त्याला पिणाऱ्या नवऱ्याचं ऐकून घेणं जड जातं. जी स्वतः सगळं सोसून संसारात टिकली, तिला निघून जाणाऱ्या बाईचा राग येऊ शकतो. हे आपल्या आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याने दाखवावं लागतं. पदवीनंतर किमान पहिली दोन वर्षं ज्येष्ठ समुपदेशकाकडे नियमित केस मांडा. जिथे अशी सोय नाही तिथली नोकरी, पगार बरा असला तरी, पहिली म्हणून घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

७. अभ्यासक्रमातली सगळी थिअरी अमेरिकन. आपल्या एकत्र कुटुंबांना ती कशी लागू पडणार?

प्रश्न रास्त आहे. मरे बोवेन, साल्वादोर मिनुचिन, व्हर्जिनिया सॅटिर, जे हेली ही कुटुंब उपचाराचा पाया घालणाऱ्यांची नावं अभ्यासक्रमात येतातच. पण त्यांचा गाभा लक्षात घ्या: बिघाड एका माणसात नसून माणसांमधल्या नात्यात शोधायचा. ही गोष्ट आपल्या घरांना परकी नाही. मिनुचिन यांनी आपली पद्धत न्यूयॉर्कजवळच्या गरीब घरांतल्या मुलांसोबत काम करताना घडवली, सुखवस्तू लोकांच्या दवाखान्यात नव्हे.

बोवेन यांचा त्रिकोण घ्या. दोन माणसांतला ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात. नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतलं एक घर कल्पनेत आणा. मुलगा विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पातल्या कंपनीत नोकरीला, रात्री उशिरा येतो. सासूची तक्रार, सून बोलत नाही. सुनेची तक्रार, सासू फोन ऐकते. दोघी आपापली कैफियत त्याच्याकडेच मांडतात आणि तो जेवून मोबाइल घेऊन गच्चीवर जातो. सगळे म्हणतात भांडण सासू-सुनेचं आहे. कागदावर जीनोग्राम, म्हणजे घरातल्या नात्यांचा नकाशा, काढला: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, लग्नाची रेघ, तणावाची नागमोडी रेघ, की दिसतं मुलगा दोन्ही रेघांच्या टोकाला आहे आणि बोलत मात्र एकाही रेघेवर नाही. आता त्याच्याशी बोलायला हवं हे विद्यार्थ्याला सांगावं लागत नाही.

बदल करावा लागतो तो इथे: स्वतंत्र राहणं म्हणजेच प्रौढ होणं, हे गृहीतक तसंच्या तसं उचलू नये. आपल्याकडे मामा, आत्या, मोठे दीर, सोयरे यांचा शब्द निर्णयात असतो. त्यांना वगळून केलेला करार घरी पोचेपर्यंत मोडतो. त्यांना बोलवायचं, पण निवाडा करायला नाही. आणि कुटुंबाला उपचारात सामील करून घेणं आपल्याकडेही जुनं आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू देऊन राहायला लावलं होतं. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कुटुंबांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. अभ्यासक्रमात हे धडे नसतील तर शिक्षकांकडे मागा.

८. तीन महिन्यांचा ऑनलाइन काउन्सेलिंग डिप्लोमा करून प्रॅक्टिस सुरू करू का?

नको. अशा कोर्समधून ऐकण्याची कौशल्यं, ओळख, आवड तपासणं हे मिळू शकतं, आणि शिक्षक किंवा परिचारिकेला तिच्या कामात त्याचा उपयोगही होतो. पण त्यात फील्डवर्क नसतं, कुणी तुमची नोंद वाचत नाही. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारी बाई समोर बसली तर काय करायचं, हे व्हिडिओ बघून येत नाही.

९. इग्नूमधून घरबसल्या केलं तर?

इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, याचा समुपदेशन आणि कुटुंब उपचार या नावाचाच पदव्युत्तर अभ्यासक्रम चालत आलेला आहे, आणि विदर्भातल्या लहान गावांतल्या बऱ्याच जणी त्याकडे आशेने पाहतात. पण २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एक मोठा बदल केला. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याखाली येणारे विषय, आणि त्यात मानसशास्त्रही, जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकवू नयेत असे निर्देश दिले. त्यामुळे कोणत्याही दूरस्थ अभ्यासक्रमाला पैसे भरण्याआधी, या सत्राला आयोगाची मान्यता आहे का, हे लेखी विचारा. एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं जुनं पत्र पुरावा धरू नका. आधीच प्रवेश घेतलेल्यांनी विद्यापीठाच्या सूचना पाहाव्यात.

१०. आरसीआयची नोंदणी नसेल तर मी बेकायदा ठरेन का?

भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, १९९२च्या कायद्याने चालते आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी तिच्याकडे असते. ती नसताना स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवता येत नाही, पाटीवरही नाही आणि इन्स्टाग्रामवरही नाही. कुटुंब समुपदेशक म्हणून काम करायला ही नोंदणी लागत नाही. पण मग आजाराचं निदान लिहून द्यायचं नाही, औषधाबद्दल 'बंद करा, कमी करा' असं बोलायचं नाही. ते मनोविकारतज्ज्ञाचं काम.

२०२१च्या कायद्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ, वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते, कुटुंब नियोजन समुपदेशक हे व्यवसाय आहेत. पुढे नोंदणी लागणार हे धरूनच आज नियमित, मान्यताप्राप्त अभ्यासक्रम निवडा.

११. कौटुंबिक न्यायालयातली समुपदेशकाची नोकरी कशी मिळते?

कुटुंब न्यायालय कायदा १९८४चा. त्याच्या कलम ६ मध्ये समुपदेशकांची तरतूद आहे आणि कलम ९ प्रमाणे न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो. पदांची जाहिरात उच्च न्यायालयाकडून येते. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि कुटुंब समुपदेशनाचा अनुभव यावर भर असतो, त्यामुळे पदवीनंतरची दोन-तीन वर्षं कुठे काढता हे महत्त्वाचं. अनुभवाचं प्रमाणपत्र घेताना त्यावर 'कुटुंब समुपदेशन' हे शब्द आणि तारखा स्पष्ट लिहून घ्या. 'सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम केले' एवढ्यावर अर्ज अडू शकतो.

काम फक्त नवरा-बायकोला समोरासमोर बसवण्याचं नाही. मुलाचा ताबा, भेटीची वेळ, पोटगीबद्दलचं बोलणं, घटस्फोट ठरलाच असेल तर तो मुलांवर कमीत कमी ओरखडा उठवून कसा पार पडेल, हे सगळं त्यात येतं.

१२. घरात मारहाण असेल तरी समेट घडवायचा का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

आपल्या समाजात समुपदेशन म्हणजे 'समजूत घालणं' असं धरलं जातं, आणि समजूत बहुतेक वेळा मुलीचीच घातली जाते. 'पोरीनं थोडं सोसावं, संसार आहे' हे बैठकीतले चार शहाणेही सांगतात, त्यासाठी दोन वर्षं शिकायची गरज नाही. प्रशिक्षित माणसाचं पहिलं काम सुरक्षितता तपासणं. तिला एकटीला, सासरच्या माणसांच्या कानाआड, भेटायचं. मारहाण किती वेळा, कशाने, गळा दाबला का, गरोदरपणात झाली का, मुलं कुठे होती, रात्री निघावं लागलं तर कुठे जाशील, कागदपत्रं कुणाकडे आहेत, हे विचारायचं. दोघांना एकत्र बसवून 'आता मनमोकळं बोला' म्हटलं तर ती जे बोलेल त्याची किंमत तिला घरी जाऊन मोजावी लागू शकते.

कायदाही हेच सांगतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा २००५चा. त्याच्या कलम १४ खाली दंडाधिकारी समुपदेशनाला पाठवू शकतात, आणि पुढची तारीख दोन महिन्यांच्या आत ठेवावी लागते. २००६च्या नियमांप्रमाणे प्रतिवादीकडून, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडून, पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी घ्यायची असते, आणि केलेल्या हिंसेचं समर्थन करायला त्याला समुपदेशनात जागा नाही. 'तिनेच डोकं फिरवलं' हे वाक्य तिथेच थांबवायचं.

भरोसा सेल, सखी केंद्र (हिंसा सोसणाऱ्या बायकांना एकाच ठिकाणी मदत देणारं सरकारी केंद्र), या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी यांच्याकडे शिकायला जाल तेव्हा 'किती समेट झाले' हा आकडा तुमच्याकडे मागितला जाईल. किती बायका सुरक्षित आहेत हे सांगायची सवय ठेवा.

१३. समुपदेशनात सांगितलेलं सगळं गुप्तच ठेवायचं?

जवळपास सगळं. अपवाद पहिल्याच भेटीत, सोप्या भाषेत सांगायचे. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. जिवाला धोका असेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या, तर गुप्तता बाजूला ठेवून मदत मिळवायची. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीच्या पहिल्या पानावर असायला हवा.

नवऱ्याने एकट्याने सांगितलेलं बायकोने विचारलं तर? दोघांना स्वतंत्र भेटण्याआधीच ठरवून घ्या: एकट्याने सांगितलेलं मी दुसऱ्याला सांगणार नाही, पण जे लपवल्याने कामच अडेल ते तुम्ही स्वतः सांगावं यासाठी मी मदत करेन. हे आधी ठरलं नसेल तर मध्येच ठरवता येत नाही.

१४. मी वकील आहे. वकिली आणि समुपदेशन दोन्ही करता येईल?

प्रशिक्षण घेता येईल. अडचण दोन ठिकाणी येते. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे सनद चालू असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात प्रतिवादीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलाला त्याच प्रकरणात समुपदेशक नेमता येत नाही. शिवाय अनेक वकिलांना खरं तर मध्यस्थीचं प्रशिक्षण हवं असतं, जे साधारण ४० तासांचं असतं. मध्यस्थ वादातून तोडगा काढतो, समुपदेशक नात्यातून. दोन्हींची गरज आहे, पण एकाच कुटुंबासाठी दोन्ही भूमिका एकाच माणसाने घेऊ नयेत.

१५. माझा घटस्फोट झालाय. लोक म्हणतील, हिला काय कळतंय संसारातलं.

प्रवेशाला किंवा नोकरीला याची आडकाठी नाही. अविवाहित मुलींनाही हेच ऐकावं लागतं. "तुमचं लग्न झालंय का?" असं कुटुंबाने विचारलं तर खोटं बोलू नका आणि कहाणीही सांगू नका. त्यांना बहुतेक वेळा एवढंच जाणून घ्यायचं असतं की आमचं दुःख तुम्हाला समजेल का. त्या शंकेला उत्तर द्या. स्वतःची जखम ताजी असेल तर तशा केस काही काळ पर्यवेक्षकाला सांगून दुसऱ्याकडे द्याव्यात.

१६. पगाराचं काय?

स्पष्ट सांगायचं तर सुरुवात कमी मानधनावर होते. संस्थांमधली बहुतेक पदं प्रकल्पावर, कंत्राटी असतात. न्यायालय आणि शासकीय पदं मोजकी. शाळा, रुग्णालयं, खासगी प्रॅक्टिस हे पुढचे पर्याय. घरची परिस्थिती बेताची असेल तर शिकतानाच महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे. इतकं अवघड काम इतक्या कमी पैशात करून घेतलं जातं, हे चूक आहे. ते बदलावं म्हणून बोलत राहणं हेही आपल्या व्यवसायाचं काम मी मानते.

१७. ही डिग्री घेऊन अमेरिकेत फॅमिली थेरपिस्ट होता येईल?

थेट नाही. तिथे विवाह आणि कुटुंब उपचाराचा परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्र देतं, आणि त्यासाठी त्या विषयातली पदव्युत्तर पदवी, देखरेखीखालचे ठरलेले तास आणि परीक्षा लागते. जायचंच असेल तर इथल्या फील्डवर्कचे तास, पर्यवेक्षकाची सही आणि अभ्यासक्रमाचा तपशील आत्तापासून जपून ठेवा.

१८. एमएसडब्ल्यूला लागल्यापासून नातेवाईक घरची भांडणं सोडवायला बोलावतात. जाऊ का?

समुपदेशक म्हणून जाऊ नका. काकांच्या घरातलं तुम्हाला आधीच माहीत असतं, तुमची आई कुणाच्या बाजूची हेही त्यांना माहीत असतं, आणि दिवाळीला सगळे परत एका पंगतीत बसणार असतात. पुतणी म्हणून जा, चहा घ्या, ऐका. मग सांगा, "काकू, मी घरची आहे, मला यात नीट मदत करता येणार नाही, पण ज्यांना येईल त्यांचा नंबर देते." दोन-तीन समुपदेशकांचे नंबर त्यांच्या परवानगीने जवळ ठेवा, त्यात एक तरी असा हवा जो तुमच्या नात्यागोत्यातल्या कुणालाच ओळखत नाही. मारहाणीचं कळलं तर मात्र नातं बघत बसायचं नाही, प्रश्न १२ मध्ये लिहिलेलं घरच्या माणसालाही लागू आहे.